दोन लाखांची सायकल घेण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात टांगलेली कार्बन फायबरची सायकल बघायला रोज कोणी ना कोणी थांबते. दोन बोटांनी उचलून बघतात, किंमत विचारतात आणि साक्रीकडचे असले तर म्हणतात, "इतला पैसा कसाले, भाऊ?" यावल-रावेरकडचे असले तर, "काहाले एवढे पैसे?" प्रश्न एकच आहे आणि रास्त आहे. पण दुकानात गर्दी असते, आमचे हात ग्रीसने भरलेले असतात, त्यामुळे नीट उत्तर द्यायचे राहून जाते. म्हणून ते इथे लिहून ठेवले आहे. घरी न्या, सगळ्यांना वाचून दाखवा, मग सवडीने या.

आमचे मत आधीच सांगतो. साध्या सायकलीवरून पंचवीस-पस्तीस हजारांच्या चांगल्या सायकलीवर आलात तर जवळजवळ प्रत्येक रुपया पायाला जाणवतो. तिथून लाखापर्यंतचा फरकही जाणवतो, पण आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर चालवणाऱ्यालाच. लाखाच्या पुढे जे मिळते तेही खरेच असते, मात्र ते मिनिटांत आणि ग्रॅममध्ये मोजावे लागते.

वजनाचे गणित

आजोबांची काळी, दांडीवाली, सळईच्या ब्रेकची सायकल वीस-बावीस किलोची असायची. आजची बरी ॲल्युमिनियमची गिअरची सायकल बारा-पंधरा किलो भरते. लाखाच्या वरची रोड सायकल आठ-नऊ किलो. शर्यतीच्या सायकलीला तर कायद्याचीच मर्यादा आहे : आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार ती ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

आता तोरणमाळचा घाट डोळ्यांसमोर आणा. चालवणारा सत्तर किलोचा आणि सायकल पंधरा किलोची, म्हणजे एकूण पंच्याऐंशी किलो वर चढवायचे आहेत. सायकल नऊ किलोची घेतली की एकूण एकोणऐंशी. फरक सात टक्के. म्हणजे जो चढ दोन तासांत चढत होतात, तिथे आठेक मिनिटे वाचतील. हे काही कमी नाही. दमलेल्या माणसाला ती आठ मिनिटे फार मोलाची वाटतात. पण नऊ किलोवरून साडेसात किलोवर जायला आणखी काही लाख मोजलेत तर त्याच चढावर दोन मिनिटे वाचतात. त्यातला बराचसा वेळ तर पाण्याची दुसरी बाटली खाली ठेवूनही वाचतो.

आणि सपाटीवर? जळगाव-भुसावळ किंवा अमळनेर-धुळे रस्त्यावर वजनाचा प्रश्न जवळपास संपतोच. तिथे खरा शत्रू वारा.

हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी वीसवरून पंचवीसवर जायचे तर हवेसाठी जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरवणारा पश्चिमेचा वारा तुमच्या छातीवरही बसतो, आणि हा अडथळा मुख्यतः तुमच्या शरीराचा असतो, सायकलीचा वाटा लहान असतो. म्हणून मापाची सायकल घेऊन कोपरे वाकवून, पाठ थोडी खाली घेऊन चालवणारा माणूस ताठ बसलेल्या महागड्या सायकलवाल्याला सहज मागे टाकतो. धुळ्याकडे तोंड करून संध्याकाळी एकदा चालवून बघा.

पैसा जिथे दिसत नाही तिथे

सायकलीत पैसा घालावा असे आम्हाला जिथे मनापासून वाटते, त्या जागा बाहेरून दिसतच नाहीत. चाकाचा हब (मधला भाग), बीबीतले (पायडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथले) छर्रे, रिमची भिंत, मागचा फ्रीव्हील (चेन फिरते ते दातेरी चक्र). स्वस्त सायकलीत बीबी उघडा असतो, त्यात कपाशीच्या शेतातली काळी माती एका पावसाळ्यात जाऊन बसते आणि छर्रे खाते. सीलबंद बीबी चार-पाच हजार किलोमीटर विचारतही नाही. दुहेरी भिंतीच्या रिमला खड्ड्यातून गेल्यावर लवकर आऊट (वाकडेपणा) येत नाही. एकेरी भिंतीची रिम घेऊन दर महिन्याला आऊट काढायला येणारी मुले आम्ही रोज बघतो.

मागच्या चाकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. स्वस्त गिअरच्या सायकलीला हबवर आट्यांचा फ्रीव्हील फिरवून बसवलेला असतो. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत सरकतात, ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराविना राहतो आणि भारी माणूस किंवा डबलसीट बसली की ॲक्सल वाकतो, कधी तुटतो. कॅसेटच्या, म्हणजे दातेरी चकत्या नुसत्या सरकवून बसवलेल्या, हबमध्ये छर्रे पार टोकाला असतात, भार नीट वाटला जातो. ऐंशी किलोच्या वरच्या माणसाने फक्त या एका गोष्टीसाठी पाच-सात हजार जास्त द्यावेत. आम्ही हे अगदी ठामपणे सांगतो.

गिअरची शिडीही समजून घ्या. शिमानोमध्ये डोंगरी बाजूला टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे अशा पायऱ्या चढत जातात. रोडच्या बाजूला क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि सर्वांत वर ड्युरा-एस. टूर्नीवरून अल्टस-असेरावर आलात की गिअर अडकत नाही, केबल वरचेवर कसावी लागत नाही. देओरे किंवा १०५ पर्यंत सफाई वाढत जाते. त्याच्या वर वजन घटते, बोटाला हलके लागते, पण चेन आणि कॅसेट महाग होत जातात, आणि हे झिजणारेच भाग आहेत. वरच्या पायरीची चेनही धुळीत तशीच झिजते. चेनची झीज घरीच बघा : नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक), पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर बारा इंच भरतात. पट्टीवर एक सूत जास्त, म्हणजे बारा इंच आणि वर इंचाचा आठवा भाग भरला, तर चेनने कॅसेटचे दातही खायला घेतले आहेत. वाढ त्याच्या निम्मी, म्हणजे अर्धे सूत असतानाच चेन बदलली तर कॅसेट वाचते.

एका प्रकारच्या सायकलीपासून मात्र आम्ही पालकांना हात जोडून परावृत्त करतो. दहा-बारा हजारांत एकवीस गिअर, दोन्हीकडे डिस्क, पुढे शॉकअप, जाडजूड टायर. पोरांना ती फार आवडते, हे आम्हाला माहीत आहे. पण किंमत तेवढीच असताना इतके सगळे दिसायला लावायचे, तर न दिसणाऱ्या जागी काटकसर करावीच लागते. तो स्वस्तातला शॉकअप एकटाच दोन-अडीच किलोचा असतो आणि चढावर उभे राहून पायडल मारले की बराच जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. त्याच पैशात साधा चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क), रिमला दाबणारे साधे व्ही-ब्रेक, चांगले चाक आणि एकच गिअर असलेली सायकल घेतली तर मुलगा दहावीपर्यंत ती चालवेल.

ऊन, सराटे आणि इथली धूळ

महागड्या सायकलींची माहितीपत्रके थंड देशांतली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारे जे पातळ द्रव्य असते, ते रबराच्या चिकाचे असते आणि आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकून जाते. ते वेळच्या वेळी भरणार असाल तर ट्यूबलेससारखे सुख नाही, कारण पावसाळा सरला की वाटेवर सराटे वाळतात आणि बांधावरची बाभूळ तर बारमाही आहेच. भरणार नसाल तर साधी ट्यूब आणि आतून काटेरोधक पट्टी, हेच बरे. टायर थोडा जड चालतो, पण शेतातून घरी चालत यावे लागत नाही.

उन्हात उभी केलेली सायकल फटकन फुटली की लोक हवेला दोष देतात. खरे म्हणजे वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर गेल्याने साठ पौंडांची हवा फार तर सहा-सात पौंड वाढते. फुटते ती बहुतेक वेळा टायरची बाजू जुनी होऊन चिरलेली असते म्हणून, किंवा ट्यूब बसवताना टायर आणि रिममध्ये चिमटलेली असते म्हणून. दोन हजारांचे चांगले टायर बसवून घ्या; चालण्यात जो फरक पडतो तो महागडी फ्रेम घेऊनही पडणार नाही.

कार्बनविषयी भीती घालायची नाही, पण सांगायला हवे. लोखंडी फ्रेमला तडा गेला तर गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम असे जोडले तर जोडाशेजारी पुन्हा तुटते. कार्बनला वरून आपटले तर आतले थर सुटतात आणि बाहेर नुसता ओरखडा दिसतो. पडल्यानंतर नाण्याने टकटक करून आवाज ऐका. कुठे बसका, ओला आवाज आला तर ती सायकल चालवू नका, आमच्याकडे आणा. कार्बनचे बोल्ट आम्ही नेहमी मोजून पीळ देणाऱ्या पान्ह्यानेच कसतो, तुम्हीही अंदाजाने कसू नका.

तुटली तर कुठे दुरुस्त होईल?

सायकल घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खानदेशात तोच सगळ्यात मोठा आहे. आमच्या एका ग्राहकाने लाखाच्या वरची सायकल मोठ्या शहरातून घेतली होती. शहाद्याच्या पुढे घाटात सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर मोडला. ही पट्टी मुद्दाम कमकुवत केलेली असते, फ्रेम वाचावी म्हणून. ती स्वस्त असते, पण प्रत्येक कंपनीची, बऱ्याचदा प्रत्येक मॉडेलची वेगळी. केळीच्या रिकाम्या पिकअपमधून सायकल परत आली आणि त्या एवढ्याशा पट्टीसाठी तीन आठवडे दुकानात लटकत राहिली. तेव्हापासून आमच्याकडून गिअरची सायकल जाते तेव्हा सोबत एक जादा हँगर आम्ही स्वतःहून सीटखालच्या पिशवीत टाकतो. तुम्ही सायकल कुठूनही घ्या, हँगर त्याच दिवशी दुसरा मागून घ्या.

विजेवर चालणारे गिअर, हँडलच्या आतून गेलेल्या केबल, दाबून बसवलेले बीबी हे सगळे उत्तम चालते, जोपर्यंत चालते. त्यातले काही बिघडले तर चोपड्याला किंवा तळोद्याला त्याचा पान्हाही मिळणार नाही. लांब फिरणाऱ्याने आट्यांचा बीबी आणि बाहेरून दिसणाऱ्या केबल मागाव्यात.

मग पैसे वसूल कसे होतात? किलोमीटरने भागा. रोज दहा किलोमीटर शाळेत किंवा नोकरीवर जाणारा, सुट्या वगळून, पाच वर्षांत पंधरा हजार किलोमीटर करतो. तीस हजारांची सायकल त्याला किलोमीटरला दोन रुपये पडते. मोटरसायकलला तर नुसते पेट्रोलच तेवढे लागते. दोन लाखांची सायकल जो फक्त रविवारी मेहरूण तलावापर्यंत नेतो आणि वर्षाला हजार किलोमीटर करतो, त्याला त्याच पाच वर्षांच्या हिशेबाने किलोमीटरला चाळीस रुपये पडतात. तीच सायकल वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला सात रुपयांच्या आत पडते. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर) पुरी करणारे, पुढे तीनशे-चारशेच्या तयारीला लागलेले लोक आपल्या भागातही आहेत. त्यांना आम्ही महाग सायकल आनंदाने देतो, कारण तेरा तास खोगिरावर बसल्यावर हलका चिमटा, बरोबर मापाची फ्रेम आणि हात न दुखवणारा ब्रेक यांची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

बाकीच्यांना आमची विनंती एवढीच, की आधी मधली सायकल घ्या आणि वर्षभर चालवा. पाय स्वतःच सांगतील पुढे काय हवे ते. मन ठरलेच असेल आणि ती कार्बनचीच हवी असेल, तर आम्ही अडवणार नाही. एखादी वस्तू आवडते म्हणूनही माणूस घेतो आणि त्यात काही गैर नाही. बिल मात्र पक्के घ्या : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो दर बिलावर दिसला पाहिजे. वॉरंटीला फ्रेमचा नंबरही लागतो.

दुकानात येताना रोजच्या वापरातले बूट-चप्पल घालून या, माप घेताना टाचेने पायडल टेकवून पाय सरळ होतो का ते बघावे लागते. जुनी सायकल असेल तर तीही आणा. पुष्कळदा तिला नवे टायर, नवी चेन आणि पूर्ण ओव्हरहॉलिंग केले की नवी घ्यायची गरज राहत नाही, आणि तसे असेल तर आम्ही तसेच सांगू.