ड्रोन छायाचित्रणातील कॅमेरा सेटिंग (कोल्हापूर परिसर)

ड्रोनवरून फोटो किंवा व्हिडिओ घेताना शटरचा वेग, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील), अॅपर्चर (उजेड आत सोडणारे भिंगाचे छिद्र), व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) आणि फाइलचा प्रकार ठरवणे म्हणजे कॅमेरा सेटिंग. बहुतेक लहान ड्रोनचे अॅपर्चर बदलता येत नाही. त्यामुळे उजेड सांभाळायला शटर आणि आयएसओ एवढेच हाती उरते. उजेड टिपणारा सेन्सर छोटा असल्याने आयएसओ 100च्या आसपास ठेवावा. तो चढवला की सावल्यांत दाणे उठतात.

कोल्हापुरात खरी कसोटी लागते ती काळा दगड आणि चकाकते पाणी एकाच चौकटीत आल्यावर. रंकाळ्यावर संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून पाहा: तळ्यातला दगडी संध्यामठ काळपट, भोवतीचे पाणी पांढरेफटक. ऑटोवर सोडलेला कॅमेरा दोन्हींचा मध्य काढायला जातो आणि पाण्यावरची लहर पुसून टाकतो. अशा वेळी हिस्टोग्राम (फोटोतला गडद ते उजळ भाग डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) उजव्या कडेला चिकटेल एवढा उजेड घेऊ नये, एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणावा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोटो काळसर दिसला तरी घाबरायचे कारण नाही. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) सावलीतला दगड पुष्कळसा वर काढता येतो, जळालेले पांढरे मात्र कशानेही परत येत नाही. फरक फारच मोठा असेल तर ब्रॅकेटिंगने, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, तीन किंवा पाच फोटो घेऊन जोडावेत.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत अडचण निराळी. गुलालाने डोंगर गुलाबी होतो, सासनकाठ्या त्यातूनच वर येतात, आणि ऑटो व्हाइट बॅलन्सला तो रंग दोष वाटतो. तो गुलाबीपणा काढू पाहतो. दर क्लिपची छटा वेगळी पडते आणि एडिटिंगमध्ये जुळवताना जीव जातो. सकाळच्या उन्हात व्हाइट बॅलन्सचा आकडा 5500 केल्व्हिनच्या (रंगछटा मोजायचे एकक) आसपास बांधून टाकावा. गुलालात लाल रंग सर्वांत आधी जळतो, म्हणून एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसला तरी एक्सपोजर थोडे खालीच बरे. गर्दीवर मात्र परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नये.

2021च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) उंचीची मर्यादा 400 फूट आहे. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने शहरात उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावाच लागतो. पन्हाळा 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित वास्तूवर उडवायचे तर आधी परवानगी लागते. गडाच्या कड्याशी वारा जोराचा असतो, तिथे शटर 1/200 पेक्षा संथ करू नये.

व्हिडिओचा हिशेब याच्या उलटा. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 धरतात, म्हणजे हालचाल डोळ्याला सहज वाटते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने रात्रीच्या रोषणाईतले दिवेही लुकलुकत नाहीत. पण दुपारच्या कडक उन्हात अॅपर्चर एफ 2.8 आणि आयएसओ 100 असताना योग्य शटर 1/3200च्या घरात जाते. मधले सहा स्टॉप एनडी 64 फिल्टरने (उजेड 64 पट कमी करणारी भिंगावरची काळसर काच) कापावे लागतात. फिल्टरशिवाय, तुरा आलेल्या उसावरून वारा गेल्याचे दृश्य घेतले तर प्रत्येक फ्रेम कोरीव येते आणि शेतातून जाणारी ती रुपेरी लाट तुटक, झटके खात पुढे सरकते. फोटोसाठी मात्र हाच 1/3200चा वेग उत्तम, तेव्हा फिल्टर काढून ठेवावा.