माठात बुडणारा हात

उन्हाळ्यात पांझरेचं पात्र कोरडं पडलं की वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून गाळायचं, गढूळ वाटलं तर तुरटी फिरवायची. खान्देशात हे सांगावं लागत नाही. परदेशी विद्यापीठांतली मुलं नेपाळ-घानाच्या खेड्यांत जाऊन हेच बघतात: घरात पाणी येतं कुठून आणि पोटात जाईपर्यंत त्याचं काय काय होतं.

या कामाला जोर आला तो १९९१ नंतर. त्या वर्षी पेरूत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली आणि बघता बघता लॅटिन अमेरिकाभर पसरली. नळयोजनेला वर्षं लागणार, तोवर घरातलं पाणी घरातच शुद्ध करायचं, असं ठरलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने क्लोरीनच्या द्रावणाइतकाच भर भांड्यावर दिला: तोंड अरुंद, खाली तोटी. उकळलेल्या पाण्यातही पेला धरलेला हात बुडला की ते पुन्हा नासतं. माझी आजी माठावर लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवायची आणि आम्हा पोरांना माठाला हात लावू द्यायची नाही. तिला जंतू ठाऊक नव्हते, पण शिस्त तीच.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सुझन मरकॉट १९९९ च्या सुमारास विद्यार्थ्यांना नेपाळला नेऊ लागल्या. तराईतल्या, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या, हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्यांनी नेपाळी संस्थेबरोबर बनवलेला कंचन फिल्टर मला फार आवडतो, कारण त्यातली प्रत्येक वस्तू बाजारात मिळते. कॅनडाच्या डेव्हिड मान्झ यांचा वाळूचा फिल्टर घ्यायचा आणि वर पसरट भांड्यात लोखंडी खिळे व विटांचे तुकडे ठेवायचे. खिळे गंजतात, आर्सेनिक त्या गंजाला चिकटतं आणि गंज वाळूत अडकतो. पुढे २००५ पासून घानातल्या तमालेजवळ मातीच्या कुंडीसारख्या फिल्टरवर काम झालं.

या मुलांच्या पिशवीत बऱ्याचदा एक बाटली असते, आणि ती आपल्या देशातली. १९८२ मध्ये ग्वाल्हेरचे संशोधक मांजा आणि सहकाऱ्यांनी बाटलीतली ही साधी चाचणी काढली. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की गंधकाचा वायू तयार होतो, तो बाटलीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळं पडतं. प्रयोगशाळा लागत नाही.

लुगड्याचंही शास्त्र निघालं. अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या २००३ च्या बांगलादेशातल्या अभ्यासात चार पदरी जुन्या साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटली. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. धुऊन धुऊन विरलेलं कापड नव्यापेक्षा सरस, कारण धागे सुटून छिद्रं बारीक होतात. सुटे जंतू मात्र गाळण्यातून जातात, म्हणून विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हवंच.

आमच्या एनएसएस शिबिरात चाचणीची ती बाटली रात्रभर चुलीजवळ ठेवली होती. सकाळी ती काळी पडलेली पाहून घरची बाई एवढंच म्हणाली, "हाई पानी आम्ही पेतस?"