स्केचअपमध्ये फेस भरत नाही: फट पडली का कोपरा उचलला?

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा कॉल, "दादा, चारही लाईनी मारल्या, मधात फेसच नाही भरून राहिला, लॅपटॉप गेला का माहा?" लॅपटॉप काही गेला नव्हता. तो स्केचअपवर, म्हणजे घराचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर बसला होता, त्यात लाईनींचा वेढा पूर्ण झाला की मधली जागा आपोआप भरून सपाट पृष्ठ होते, त्यालाच फेस म्हणतात. स्क्रीनशॉट टाक म्हटलं, टाकला. चार लाईनी, चार कोपरे, मधात पोकळ. आता या फोटोवरून मी काय, कोणीच सांगू शकत नाही की झालं काय आहे, कारण इथं दोन आजार आहेत आणि दोघाईचं लक्षण एकच. आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, उलट दुखणं वाढते. तालुक्याच्या गावात घरांचे थ्रीडी करून देणारे आम्ही जे दोनचार जण आहोत, ते सगळे यात कधी ना कधी रात्र घालवून बसलेले आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

एकाला मी फट म्हणतो, दुसऱ्याला उचल. नावं माझीच आहेत, कुठं सापडणार नाहीत.

फट म्हणजे लाईन कोपऱ्याला टेकलीच नाही. दिसायला टेकलेली, पण झूम करत करत गेलं की मधात जागा दिसते. धुऱ्यावर चारही बाजूंनी तार लावली आणि एका खांबाजवळ हातभर सोडून दिली, तर दुरून वावर बंद दिसते, पण ढोरं कुठून शिरले ते सकाळीच समजते. उचल म्हणजे लाईनी सगळ्या टेकल्या, कुंपण पूर्ण, पण चारपैकी एक कोपरा बाकी तिघांच्या पातळीत नाही, थोडा वर किंवा थोडा खाली. चार पायांची बाज एक पाय आखूड असला की डगडगते, पण रांजणाखालची तिवई कशीही ठेवा, डगडगत नाही, कारण तीन टेकू नेहमीच एका पातळीत बसतात, भानगड चौथ्यापासून सुरू होते. हे तिवईचं ध्यानात ठेवा, पुढं तेच कामी येणार आहे.

स्केचअपला फेस बनवायला दोन गोष्टी लागतात, लाईनींचा वेढा बंद पाहिजे आणि तो सगळा एका सपाटीत पाहिजे. आणि त्याची नजर लय बारीक आहे, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे साधारण ०.०२५ मिलीमीटर. त्याच्या आत दोन पॉईंट असले तर तो ते एकच धरतो, त्याच्या बाहेर गेले की वेगळे. आपला मिस्त्री एखाद्या सुताचा फरक प्लास्टरमध्ये खपवून देतो, हा नाही खपवत.

आता ओळखायचं कसं. बहुतेक पोट्टे काय करतात, फेस नाही आला की त्याच लाईनीवरून पुन्हा लाईन मारतात, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून, तोवर करंट जाते. सरळ एक करा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये तिरपी लाईन मारा, कर्ण. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, म्हणजे दोन तिवया झाल्या. त्रिकोणाला उचल लागूच शकत नाही. म्हणून दोन्ही त्रिकोण भरले तर वेढा बंद आहे हे पक्कं. आता ती तिरपी लाईन खोडून पाहा. खोडल्यावर दोन्ही फेस गायब झाले तर उचल आहे, एक कोपरा सुटलेला आहे. खोडल्यावरही फेस राहिला, तर आजारच नव्हता, त्याला फक्त एक टोचणी पाहिजे होती. आणि एकच त्रिकोण भरला, दुसरा पोकळ राहिला, तर फट आहे आणि ती त्या पोकळ बाजूलाच आहे. एका लाईनीत आजारही समजला आणि जागाही समजली.

चौकोन नसून वाकडातिकडा आकार असला, म्हणजे ओसरी, तिला लागून देवघराचा कोनाडा, मग जिन्याची पायरी असा वीसबावीस कोपऱ्यांचा, तर मधून आडवी लाईन टाकून दोन भाग करायचे, जो भरला तो सोडून द्यायचा, न भरलेल्याचे पुन्हा दोन. चारपाच लाईनीत तुम्ही चोराच्या दारात पोचता. आकार मोठा असला तर मात्र अर्धा भाग न भरणं म्हणजे फटच असं समजू नका, तिथं उचलही असू शकते, त्रिकोणापर्यंत उतरल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

फट कुठून येते यावर माझाच किस्सा सांगतो. गेल्या उन्हाळ्यात गावातल्याच एका काकांच्या घराचं मॉडेल करून राहिलो होतो, प्लॅन सगळा फुटात, प्लॉट ३० बाय ४०, भिंती नऊ इंची. पण मी आधी ज्यांच्याकडं काम केलं तिथं सगळं मिलीमीटरमध्ये चालायचं, नऊ इंची भिंतीला २३० म्हणायची सवय, तर काही भिंतींना बोटं आपोआप २३०एमएम टाइप करून गेले आणि काहींना नऊ इंच. आता खरे नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलीमीटर. फरक १.४ चा. तीस फुटाच्या घरात हा फरक स्क्रीनवर दिसण्याचा सवालच नाही. वरून मी युनिट्समध्ये प्रिसिजन, म्हणजे आकडा कितपत बारीक दाखवायचा ते, अर्ध्या इंचावर ठेवलेली, त्यामुळं मोजलं की दोन्हीकडं नऊच दाखवायचा. फक्त एका ठिकाणी नऊच्या आधी एक नागमोडी चिन्ह यायचं, ~ असं. मी ते कचरा समजून सोडून दिलं. ते चिन्ह म्हणजे सॉफ्टवेअर सांगून राहिलं होतं की बाबा, नऊ नाही, नऊच्या आसपास. प्रिसिजन १/१६ वर असती तर तिथं ~ ९ १/१६ दिसलं असतं आणि माझे दोन दिवस वाचले असते. असंच दहा फुटाचं आहे, १० फूट म्हणजे ३०४८, पण तोंडी सगळे ३०५० म्हणतात.

फट सापडल्यावर लोक मधात एक बारकी लाईन जोडून मोकळे होतात. फेस भरते, आनंदीआनंद. पण ती १.४ मिलीमीटरची चिंधी तशीच राहते, आणि पुश-पुलने, म्हणजे फेस वर ओढायच्या टूलने, भिंती उभ्या केल्या की तिथं कागदाएवढी एक भिंतही उभी राहते, ऑफसेट केलं, म्हणजे लाईनीची समांतर नक्कल काढली, की कोपरा विचित्र होते. त्यापेक्षा चुकलेली लाईन खोडा आणि कोपऱ्यावर हिरवा ठिपका, म्हणजे एंडपॉईंट, दिसल्यावरच नवी मारा. स्टाईलमध्ये एजच्या, म्हणजे लाईनींच्या, सेटिंगला एंडपॉईंट्स चालू केलं तर प्रत्येक लाईनीच्या टोकाला जाड ठोकळा दिसते, भिंतीच्या मधातच कुठं ठोकळा दिसला की तिथं लाईन तुटलेली आहे.

उचलीचं वेगळंच. तिथं कितीही झूम करा, कोपरे एकमेकाला चिकटलेलेच दिसतील, कारण चिकटलेलेच आहेत. आणि वरून पाहिलं तर काहीच दिसणार नाही, उंचीतला फरक वरून दिसतच नसते. कॅमेऱ्यात पॅरलल प्रोजेक्शन (दूरचं लहान न दाखवणारी नजर) लावायचं आणि समोरून, म्हणजे फ्रंट व्ह्यूने पाहायचं. सपाट प्लॅन असला तर सगळं घर एका रेघेत चपटं दिसते, उचल असली तर रेघेतून एक टोक फुटलेलं दिसते. आकडाच पाहिजे असेल तर टेक्स्ट टूल घेऊन कोपऱ्यावर क्लिक करून बाहेर ओढा, त्या पॉईंटचे तीन आकडे येतात, तिसरा उंचीचा. चारही कोपऱ्यांचा तिसरा आकडा सारखा पाहिजे. मावसभावाच्या तीन कोपऱ्यांचा शून्य होता, चौथ्याचा १२ मिलीमीटर. उंबऱ्याचा दगड त्यानं आधीच मॉडेलमध्ये ठेवलेला, लाईन मारताना माऊस जमिनीच्या कोपऱ्याऐवजी उंबऱ्याच्या वरच्या काठाला चिकटला. बस एवढंच.

दुरुस्ती करताना डोळ्यानं ओढू नका, लय जणांची चूक इथंच होते, १२ चे ३ होतात पण शून्य होत नाही. मूव्ह टूल घ्या, उचललेल्या कोपऱ्यावर क्लिक, कीबोर्डचा वरचा बाण दाबा, हालचाल निळ्या, म्हणजे उभ्या, अक्षावर लॉक होते, आणि मग बरोबर उंचीच्या कोणत्याही कोपऱ्यावर क्लिक करा. उजवा बाण लाल अक्षाला, डावा हिरव्याला. पुढच्या वेळेला लाईन मारतानाच बाण दाबून मारली तर हा आजार होतच नाही. आणि मॉडेल इन्फोच्या युनिट्समध्ये लेंग्थ स्नॅपिंग म्हणून एक टिकमार्क आहे तो काढून टाका, तो लांबी आपल्या मनानं ठरावीक टप्प्यांवर ओढतो आणि मग लाईन कोपऱ्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं जाऊन थांबते.

कलर बाय अ‍ॅक्सिस नावाची सोय आहे, अक्षाला समांतर लाईनी लाल, हिरव्या, निळ्या दिसतात आणि वाकडी असली ती काळी राहते. शहरातल्या चौकोनी फ्लॅटला छान. आपल्याकडं गावठाणातला कोणता प्लॉट काटकोनात असतो सांगा. एका बाजूनं नाली, एका बाजूनं चुलत्याची भिंत, अर्धं मॉडेल काळंच दिसते. तिथं या रंगावर विसंबू नका, कर्णच बरा.

ज्या पोट्ट्याईच्या क्लासात स्केचअपची विकतची प्रो आवृत्ती आहे आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅडमध्ये काढलेल्या नकाशाची फाईल, इम्पोर्ट करतात त्यांच्याकडं दोन्ही आजार एकदम येतात. कॅडमध्ये काढणाऱ्यानं कोपरे जोडले नसतात ती फट, आणि काही लाईनींना उंची चिकटलेली असते ती उचल, कॅडच्या टॉप व्ह्यूमध्ये त्याला स्वतःला ती दिसलेलीच नसते. तिथं आधी कॅडमध्येच फ्लॅटन करून, म्हणजे सगळ्या लाईनी एका पातळीत आणून घ्या. आणि नुसत्या लाईनी आल्या तर त्यात फेस नसतातच, एखाद्या लाईनीवरून पुन्हा मारली की भरतात, तिथं घाबरण्यासारखं काही नाही.

कर्ण मारूनही दोन्ही त्रिकोण कोरडेच राहिले तर एकदा लाईनींवर क्लिक करून पाहा, निळा डबा दिसला म्हणजे ती लाईन ग्रुपच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या गठ्ठ्याच्या, आत आहे. आतली लाईन आणि बाहेरची लाईन मिळून फेस होत नाही, शेजारच्याच्या कुंपणात आपलं वावर मोजल्यासारखं आहे ते.

काही जण स्वीट होम थ्रीडी वापरतात, ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही पळते. तिथं खोली जमिनीच्या नकाशावरच बनते, त्यामुळं उचलीचा प्रश्नच नाही, भिंतींच्या आत डबलक्लिक करूनही खोली नीट बनली नाही तर डोळे झाकून फट शोधा, कुठंतरी भिंतीचं टोक दुसऱ्या भिंतीला जोडलं गेलेलं नाही.

आता एक जागा अशी आहे जिथं उचल ही चूक नसते, ती खरंच असते. मावसभावाचं घर निपटलं तर दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्याचं टिनाचं छप्पर पाठवलं, फेस भरत नाही म्हणून. कर्ण मारला, दोन्ही त्रिकोण भरले, खोडला, दोन्ही गेले. पण कोणताच कोपरा चुकलेला नव्हता. गोठ्याची जागाच वाकडी, एका टोकाला वरच्या खांबापासून खालच्या खांबापर्यंत १४ फूट, दुसऱ्या टोकाला १७. वरच्या बाजूचे दोन्ही खांब ११ फुटाचे, खालचे दोन्ही ९ चे. म्हणजे १४ फुटात दोन फूट उतार आणि १७ फुटातही दोनच, मग पत्रा सपाट बसणार कसा, तो पिळणारच. मॉडेलमध्ये तर कर्ण तसाच ठेवून इरेझरनं कंट्रोल दाबून सॉफ्ट केला, म्हणजे रेघ दिसेनाशी केली, की दिसायला सपाट दिसते, ग्राहकाला दाखवायचं असेल तर बिनधास्त करा. पण खांब अजून उभे व्हायचे होते. १४ ला दोन, तर १७ ला २.४३, म्हणजे १७ च्या टोकाचा खालचा खांब ९ फूट नाही, ८ फूट ७ इंचाचा पाहिजे. मिस्त्रीला फोन लावला, तो म्हणे, "बरं झालं आज सांगतलं, उद्या सकाळी पाइप कापणार होतो."