अलगीकरण की विलगीकरण? समुद्री माशांच्या दुसऱ्या टाकीचा घोळ

कोविडच्या दिवसांत मराठीला दोन जुळे शब्द चिकटले: अलगीकरण आणि विलगीकरण. बाधिताच्या संपर्कात आलेला पण ठणठणीत दिसणारा माणूस अलगीकरणात, आणि तपासणीत बाधित निघालेला विलगीकरणात, असा मूळ हिशेब. प्रत्यक्षात ज्याने त्याने जो सुचेल तो शब्द वापरला आणि काम भागलं. समुद्री मासे पाळणाऱ्यांत हाच घोळ क्वारंटाइन टँक आणि हॉस्पिटल टँकचा होतो. तिथे मात्र भागत नाही, मासे मरतात.

दोन्ही टाक्या दिसतात सारख्याच. काचेची टाकी, तळाला वाळू नाही, स्पंज फिल्टर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, वर जाळीचं झाकण (बावरलेला रॅस मासा हमखास उडी मारतो). दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत काठोकाठ साधारण 56 लिटर पाणी मावतं. क्लाउनफिशच्या जोडीला ती चालते, सर्जनफिशला मोठीच हवी.

फरक पडतो तो आत कोण येतं यावरून. क्वारंटाइनमध्ये येतो दुकानातून नुकताच आणलेला, वरवर निरोगी मासा. इथे जपायची असते ती मेन टँक, म्हणजे घरातली मुख्य टाकी. हॉस्पिटलमध्ये येतो आजारी मासा, आणि तिथे जपायचा असतो तो मासाच.

‘दुकानात पंधरा दिवस होता, एकदम फिट आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खोटं असेलच असं नाही. पण काही दुकानांत पाण्याचा खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात, थोडं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषधही असतं, त्यामुळे परजीवी दबून राहतात. घरच्या स्वच्छ, पूर्ण खाऱ्या पाण्यात आले की डोकं वर काढतात. म्हणून मासा आणायच्या आधी दुकानातल्या पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणा दाखवणारा आकडा) विचारा. ती 1.020 असेल तर क्वारंटाइनचं पाणीही तेवढंच ठेवा, आणि पुढच्या काही दिवसांत हळूहळू 1.025 पर्यंत न्या. खारटपणा एकदम वाढलेला माशाला सोसत नाही. मग महिनाभर काम एकच: बघत राहणं. खातोय का, कल्ले किती वेगाने हलतायत, अंग घासतोय का. व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस अडवायचे, त्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. आपल्याला मात्र चौथ्या दिवशीच मासा मेन टँकमध्ये सोडायची घाई.

हॉस्पिटल टँकमध्ये नुसतं बघत बसून चालत नाही. आधी रोग ओळखावा लागतो. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे मोजता येणारे ठिपके असतील तर बहुधा इच, म्हणजे क्रिप्टोकॅरियन. पिठी भुरभुरावी तशी बारीक धूळ आणि जोराचा श्वास असेल तर वेल्वेट, म्हणजे दुसरा एक परजीवी. हा आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे धूळ दिसेपर्यंत बरेचदा हातात एखाद-दोन दिवसच उरलेले असतात. खारटपणा 1.009 पर्यंत उतरवून इच आटोक्यात येतो, वेल्वेट नाही. दोघांवरही चालतं ते कॉपर. साध्या आयोनिक कॉपरची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, तीन-चार आठवडे सलग आणि रोज टेस्ट किटने मोजून. चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेल्या) कॉपरची मात्रा वेगळी असते, ती बाटलीवर बघूनच घाला. टाकीत लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) किंवा कोरलची वाळू नको ती यासाठीच. ती कॉपर शोषून घेते आणि मात्रा कोलमडते.

अमोनियाची चिंता दोन्हीकडे आहे, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. मेन टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरसाठी जोडलेल्या टाकीत) एक जास्तीचा स्पंज महिनाभर आधीच टाकून ठेवला, तर त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू तयार मिळतात. क्वारंटाइनमध्ये एवढ्याने बहुतेक निभावतं. हॉस्पिटलमध्ये अँटिबायोटिक दिलं तर तेच जिवाणू मरू शकतात, आणि कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारी वॉटर कंडिशनर्स टाकणं धोक्याचं, कारण कॉपर आणखी विषारी होऊ शकतं. मग पाणी बदलणं हाच मार्ग, आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. ठिपकेवाला एक टँग (सर्जनफिशच) उचलून हॉस्पिटलमध्ये नेला, बरा केला, परत सोडला, आणि आठवड्यात पुन्हा ठिपके. तोवर मेन टँकच्या वाळूत परजीवींच्या गाठी बसलेल्या असतात. त्या फुटून पिल्लं बाहेर पडतात तेवढ्याच काळात कॉपर त्यांना मारतं, गाठीतल्यांना नाही. म्हणून सगळेच मासे बाहेर काढायचे आणि मेन टँक माशांविना ठेवायची. हौशी लोकांत 76 दिवसांचा आकडा रूढ आहे. मासे इस्पितळात आणि अलगीकरणात चक्क घरची टाकी. एवढी उस्तवार करण्यापेक्षा महिनाभराचं क्वारंटाइन मला कधीही स्वस्त वाटतं.

एकच टाकी दोन्ही कामांना वापरायला हरकत नाही, पण एका वेळी एकच काम. मधल्या काळात रिकामी करून, धुऊन, कडकडीत वाळवायची. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना मात्र कॉपर लागलेली टाकी कधीच नको, कारण स्पंजात आणि सिलिकॉनमध्ये मुरलेलं कॉपर पुन्हा पाण्यात उतरू शकतं. माझ्या जुन्या टाकीवर, बादलीवर आणि जाळीवर मार्करने मोठ्ठं ‘कॉपर’ लिहिलंय. घरातलं कोणीतरी त्या बादलीने मेन टँकमध्ये पाणी ओतेल, ही भीती मला वेल्वेटपेक्षा जास्त आहे.