पडद्यावरचा दरवळ

जुन्या सिनेमात एक हमखास प्रसंग असायचा. नायिका आरशासमोर बसलेली, हातात नक्षीदार बाटली. मानेला इकडे एक बोट, तिकडे एक बोट, मग मनगटावर मनगट घासायचं. नायक दारातून आत येतो आणि डोळे मिटून खोल श्वास घेतो. हा प्रसंग आला की माझी मावशी थेटरात माझ्या कानाशी लागायची, "काय लावलं असेल गं हिनं?" नायिकेच्या ब्लाउजचा गळा दुसऱ्या आठवड्यात मावशीच्या शिंप्याकडे पोचलेला असे. कानातले, केसांची बट, गॉगल, सगळं उचलता यायचं. वास तेवढा पडद्यापलीकडेच राहायचा.

मावशी स्वतः वाळ्याचं अत्तर लावायची. तेही उन्हाळ्यात, आणि सिनेमाला जाताना आठवणीनं. तिचा तो प्रश्न मला चिकटला, आणि पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं की तो प्रश्न हॉलिवूडलाही छळत होता.

जानेवारी १९६० मध्ये शिकागोत 'सेंट ऑफ मिस्टरी' नावाचा सिनेमा लागला. हान्स लाउबे या गृहस्थांनी थेटरातल्या खुर्च्यांपर्यंत बारीक नळ्या नेल्या होत्या. पडद्यावर ठरावीक जागा आली की यंत्रातून तीसएक वासांपैकी नेमका एक सुटायचा. या करामतीचं नाव 'स्मेल-ओ-व्हिजन'. कथा स्पेनमध्ये घडणारी, रहस्यमय. वास नुसते शोभेला नव्हते, कथेचे धागे होते. खुनी माणूस पाइपच्या तंबाखूच्या वासावरून ओळखायचा आणि जिच्या जिवावर बेतलंय ती बाई तिच्या अत्तरावरून. ती खरी बाई शेवटी काही क्षण दिसते. ती होती हॉलिवूडची तारका एलिझाबेथ टेलर, श्रेयनामावलीत नाव न घालता. निर्माता माइक टॉड ज्युनियर हा तिच्या दिवंगत नवऱ्याचा मुलगा, त्यामुळे हा घरचाच मामला म्हणायचा.

सिनेमा आपटला. नळ्यांतून फुसफुस आवाज यायचा. वरच्या बाल्कनीत वास उशिरा पोचायचा, म्हणजे पडद्यावर माणूस पुढच्या गल्लीत गेला तरी नाकात मागच्या गल्लीतला पाव. काहींना वास पुरेसा येईना, मग ते नाकानं जोरजोरात सूं-सूं करत, आणि शेजारच्याला संवाद ऐकू येईनात. महिनाभर आधीच न्यूयॉर्कमध्ये एका प्रतिस्पर्ध्यानं वातानुकूलनाच्या झोतातून वास सोडून पाहिले होते. तोही प्रकार फार चालला नाही.

दोष त्या यंत्राचा कमी आणि वासाच्या स्वभावाचा जास्त होता. पडद्यावर दृश्य बदलायला सेकंदाचा चोविसावा भाग पुरतो, कारण प्रकाश मागे काही ठेवत नाही. वास म्हणजे मात्र पदार्थ. खरेखुरे रेणू उडून, हवेबरोबर वाहत येऊन नाकाच्या आत वरच्या बाजूला असलेल्या ओलसर पातळ पडद्यावर बसावे लागतात. ते हवेच्या मर्जीनं येतात आणि जाताना गालिच्यात, खुर्चीच्या कापडात, समोरच्या बाईच्या अंबाड्यात अडकून राहतात. दहाव्या मिनिटाचा गुलाब विसाव्या मिनिटाच्या कॉफीत मिसळतो. वासाला 'कट' म्हणता येत नाही.

पण ज्या स्वभावानं हा खेळ फसवला, त्याच स्वभावावर अत्तराचा सगळा धंदा उभा आहे.

मागे मी एका जाहिरातीला भुलून महागडी बाटली घेतली. पांढरा शर्ट, समुद्र, एक देखणा नट, एवढंच त्या जाहिरातीत होतं. दुकानात कागदी पट्टीवर फवारून दिलं तेव्हा लिंबाच्या सालीसारखं लख्ख काहीतरी आलं आणि मी पैसे मोजले. घरी पोचेपर्यंत हातावर राहिलं होतं ते जुन्या कपाटातल्या लोकरीसारखं. फसवणूक झाली असं वाटलं, पण दुकानदारानं काहीच लपवलं नव्हतं. मीच पहिला अंक बघून तिकीट काढलं होतं.

अत्तरातले रेणू एकदम उडत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या सालीतला लिमोनिन हा हलका गडी, रेणुभार १३६. तो पाच-दहा मिनिटांत मैफल गाजवून निघतो. त्यामागून फुलांचे रेणू येतात. सगळ्यात शेवटी उरतात ते जड, आळशी रेणू: चंदनातला सँटॅलॉल (२२०), नाही तर गॅलॅक्सोलाइडसारखी कृत्रिम कस्तुरी (२५८). साधारण ३०० च्या पलीकडे रेणू इतका जड होतो की तो उडतच नाही, आणि जो उडत नाही त्याला वास नाही. दुकानातली पट्टी फक्त सुरुवात विकते. विकत घ्यायचं असेल तर हातावर लावून बाजारातली बाकीची कामं उरकावीत आणि तासाभरानं हुंगावं. (दुकानात मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात, 'नाक साफ होतं' म्हणून. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजात हे तपासून पाहिलं, तर कॉफीच्या बिया साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आपल्याच कोपराचा वास घेतला तरी चालतं.)

कनौजचे अत्तरवाले हे गणित कधीचे जाणून आहेत. तांब्याच्या देगमध्ये फुलं आणि पाणी तापवायचं, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवायची, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल ठेवलेलं असतं. गुलाबाचे, केवड्याचे चंचल रेणू त्या जड तेलात मुरतात आणि सावकाश सुटतात. भपका हे त्या भांड्याचं नाव. आपल्याकडे मात्र स्प्रेचा 'भपका' येतो, अत्तराचा येत नाही. त्याचं कारण अल्कोहोल: तो मिनिटभरात उडताना बरोबरच्या रेणूंना ढकलत नेतो. अत्तरात तो नसतो, म्हणून मावशीच्या वाळ्याची खबर शेजारच्या खुर्चीपुरतीच असायची.

मनगट घासण्याचंही सांगून टाकते. सौंदर्यविषयक सल्ल्यांत वाचायला मिळतं की घासल्यानं सुगंधाचे रेणू 'चिरडतात'. रेणू म्हणजे काही मोगऱ्याच्या पाकळ्या नव्हेत. मनगटाच्या घर्षणानं रासायनिक बंध तुटायचे असते तर टाळ्या वाजवणाऱ्यांचं काही खरं नव्हतं. थोडी ऊब वाढते, पातळ थर पसरतो, हलके रेणू जरा लवकर उडतात, इतकंच. नायिकांना माफ करायला हरकत नाही.

नाकाच्या बाजूनं पाहिलं तर माणसाकडे वास टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) आहेत. त्यांचा जनुकसमूह लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधला आणि त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. वास थेट भावना आणि आठवणींच्या केंद्रांशी जातो वगैरे सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: हे ग्राही फार लवकर कंटाळतात. तोच रेणू येत राहिला की ते काही मिनिटांत कळवायचं बंद करतात. म्हणून स्वतःचं अत्तर स्वतःला येईनासं होतं आणि माणूस पुन्हा फवारतो. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात अशा पुन्हा फवारलेल्या आठ-दहा जणी एकत्र आल्या की काय होतं ते डब्यातल्या बाकीच्यांना विचारा. शिवाय काहींच्या नाकाला ठरावीक कस्तुऱ्या कळतच नाहीत. 'उरतच नाही गं, वास जातो लगेच' अशी तक्रार करणारी कदाचित तिच्याभोवतीच्या सगळ्यांना चार तास कळत असते.

आता नट्यांकडे परत येऊ. एर्नेस्ट बो या अत्तरकारानं पॅरिसच्या फॅशनकार कोको शनेलपुढे नमुने ठेवले, तिनं पाच क्रमांकाचा निवडला आणि १९२१ मध्ये 'शनेल नंबर फाइव्ह' बाजारात आलं. त्यातली नवलाई होती अल्डिहाइड नावाच्या रसायनांची, आणि तीही सढळ हातानं घातलेली. अल्डिहाइड म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते, पण त्यांतलं डेकॅनाल संत्र्याच्या सालीत असतं आणि आपल्या कोथिंबिरीतही. जुडी निवडताना बोटांना लागतो त्या वासाचा हा भाऊबंद. त्याखाली जाईजुईच्या कुळातली फुलं, आणि त्या फुलांत इंडोल. इंडोल विष्ठेतही असतो. अगदी कमी प्रमाणात तोच फुलाला फुलपण देतो, आणि बंद खोलीत रात्रभर राहिलेला गजरा सकाळी जो जडसर, किंचित जनावरासारखा वाटतो, त्यामागेही हाच. पॅरिसच्या बाटलीतलं वैभव म्हणजे कोथिंबिरीचा चुलत भाऊ आणि गजऱ्यातलं गुपित, असं म्हटलं तर नाकानं कांदे सोलणारे अत्तररसिक रागावतील, पण रसायनशास्त्र रागावणार नाही.

मर्लिन मन्रोला रात्री झोपताना काय घालता असं विचारलं गेलं आणि तिनं कपड्याऐवजी या अत्तराचं नाव घेतलं. १९५२ मध्ये ते 'लाइफ' मासिकात आलं, १९६० मध्ये ध्वनिफितीवर नोंदलं गेलं, आणि २०१३ मध्ये कंपनीनं ती फीत जाहिरातीत वाजवली. नटी ऑड्री हेपबर्नसाठी फॅशनकार जीव्हांशीनं 'लांतेर्दी' केलं, १९५७ मध्ये ते बाजारात आलं. आणि एलिझाबेथ टेलर? वासाच्या सिनेमात अत्तरावरून ओळखली जाणारी ती बाई एकतीस वर्षांनी, १९९१ मध्ये, स्वतःच्या नावानं 'व्हाइट डायमंड्स' घेऊन आली. हिऱ्यांच्या झगमगाटातली जाहिरात, बाटलीत पुन्हा अल्डिहाइडं आणि पांढरी फुलं. त्या अत्तरानं अमाप धंदा केला. नळ्या लावून जे जमलं नव्हतं ते नुसत्या नावानं जमलं.

नावानं वास खरंच बदलतो का? ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास दिला. हे आम्ल मुरलेल्या चीजमध्ये असतं आणि दिवसभर घातलेल्या मोज्यांतही. त्यात चीजच्या चवीचा थोडा अंश मिसळला होता. समोर कधी 'चेडर चीज' असे शब्द दाखवले, कधी 'अंगाचा वास'. मिश्रण तेच, पण पहिल्या वेळी लोकांना ते बरं वाटलं आणि दुसऱ्या वेळी त्यांनी नाक मुरडलं. केवळ सांगण्यापुरतं नव्हे, मेंदूच्या प्रतिमांतही सुखदतेशी जोडलेल्या भागांतली हालचाल बदललेली दिसली. मराठीत तर हा प्रयोग रोज चालतो. 'तुझ्या साडीला सुवास येतोय' आणि 'तुझ्या साडीला वास येतोय' यांतल्या साड्या एकाच कपाटातल्या असू शकतात. मन्रोचं नाव, हिऱ्यांचा झगमगाट, पांढरा शर्ट आणि समुद्र हे सगळे त्या 'चेडर चीज' पाटीचेच प्रकार. मी बाटलीबरोबर पाटीही विकत घेतली होती, आणि पाटी हातावर टिकत नाही.

हातावर टिकते ती आपली कातडी आणि तिच्यावरचे जिवाणू. घाम ताजा असताना त्याला फारसा वास नसतो. काखेतले जिवाणू त्यातल्या पदार्थांचं विघटन करतात तेव्हा तो येतो, आणि ज्याचा त्याचा निराळा. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक छान तपास प्रसिद्ध केला. लोकांच्या काखेतला वास कापसावर घेतला, एकदा त्यांच्या स्वतःच्या आवडत्या अत्तरासह, एकदा संशोधकांनी दिलेल्या अत्तरासह. नुसती अत्तरं हुंगायला दिली तेव्हा दोन्ही सारखीच आवडली होती. अंगाच्या वासात मिसळल्यावर मात्र स्वतः निवडलेलं अत्तर सरस ठरलं. म्हणजे माणूस अत्तर निवडताना नकळत आपल्याच अंगाशी जुळवून बघत असतो. नटाच्या अंगाला जे शोभेल ते त्याच्या अंगाचं. मावशी आयुष्यभर वाळ्याला धरून राहिली त्याचं मला आता नवल वाटत नाही.

तरीही मावशीच्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. २००९ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी काही तरुणांना सुगंधी स्प्रे दिला आणि काहींना तसाच दिसणारा पण सुगंध नसलेला. काही दिवसांनी त्यांची छोटी चित्रफीत काढली आणि आवाज बंद करून स्त्रियांना दाखवली. सुगंधी स्प्रेवाले तरुण त्यांना अधिक आकर्षक वाटले. त्याच तरुणांच्या स्थिर छायाचित्रांत मात्र काही फरक जाणवला नाही. वास पडद्यातून आला नव्हता. तो त्या तरुणांच्या हालचालीत, मानेच्या ताठपणात, कॅमेऱ्याकडे बघण्यात उतरला होता. मावशीच्या नायिकेनं खरंच काही लावलं असेल, तर ते तिच्या चालीत दिसलं असणार.

आणि थेटरातली हवा? जर्मनीतल्या माइन्झ शहरात माक्स प्लांक संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञांनी सिनेमागृहातून बाहेर पडणारी हवा तपासली. १६ सिनेमे, १०८ खेळ, साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक. एकच सिनेमा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांसमोर लावला तरी थरारक प्रसंगाला हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीनचा आलेख पुन्हा त्याच जागी वर गेलेला दिसला. आयसोप्रीन स्नायूंशी निगडित आहे. माणूस खुर्चीत आवळून बसतो, श्वास रोखतो, मग सोडतो, आणि आयसोप्रीन श्वासातून बाहेर पडतो. इतक्या थोड्या प्रमाणात तो कुणाच्या नाकाला कळत नाही, यंत्राला कळतो. १९६० मध्ये शिकागोत पडद्याकडून खुर्च्यांकडे वास न्यायला एवढ्या नळ्या टाकल्या होत्या. माइन्झमध्ये एकच नळी पुरली, आणि ती उलट्या दिशेची होती.