विमानाला एलईडी दिवा बसवायचाय? आधी कागद, मग स्क्रूड्रायव्हर

लातूरच्या गंजगोलाईत मोटारसायकलला एलईडी हेडलाइट बसवायचा तर चहा संपेपर्यंत काम होतं. विमानाचं तसं नाही. आपल्याकडची एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंग, शिकणारी पोरं हमखास विचारतात, "सर, होल्डर तोच, माप तेच, मग परवानगी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. छोट्या विमानांत वापरला जाणारा ४५०९ नंबरचा लँडिंग लाइट १३ व्होल्ट, १०० वॅटचा; कंपनीच्याच हिशेबाने आयुष्य जेमतेम २५ तास. एलईडी कितीतरी जास्त टिकतो, वीजही कमी खातो. पण त्याच्या पोटातलं सर्किट रेडिओत खरखर आणू शकतं. पंखांच्या टोकांचे दिवे तर आणखी काटेकोर: डावा लाल, उजवा हिरवा, दोन्ही ११०-११० अंशांत दिसायला हवेत, शेपटीचा पांढरा १४० अंशांत. रंगीत काचेमागे साध्या बल्बऐवजी पांढरा एलईडी ठेवला की रंगाची छटाच बदलते. अंधारात समोरचा वैमानिक त्या रंगावरूनच आपलं तोंड कुठे आहे ते ओळखतो.

म्हणून मंजूर डिझाइनमध्ये नसलेला दिवा म्हणजे डिझाइनमधला बदल. डीजीसीए म्हणजे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय; त्याच्या सीएआर-२१ नियमांत बदल दोन प्रकारचे. वजन, मजबुती, विश्वासार्हता, उड्डाणाचे गुण यांवर जाणवण्याजोगा परिणाम नसेल तर मायनर, नाहीतर मेजर. मेजर बदलाचा अर्ज विमानाच्या मूळ टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या मॉडेलच्या डिझाइनच्या मान्यतेचा, धारक करतो. बाकीच्यांना एसटीसी, म्हणजे पूरक टाइप सर्टिफिकेटचा रस्ता. कोणता बदल कशात मोडतो हे हँगरमध्ये उभं राहून आपण ठरवायचं नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'टीएसओ' (टेक्निकल स्टँडर्ड ऑर्डर) या शब्दाने. खोक्यावर टीएसओ छापलंय याचा अर्थ तो दिवा ठरलेल्या दर्जाचा आहे, एवढाच. तो तुमच्या विमानावर बसवायची मुभा त्यातून मिळत नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाचा, म्हणजे एफएएचा, पीएमए (सुटा भाग बनवायची मान्यता) असेल तर कोणत्या मॉडेलसाठी, ते बघा. एसटीसी असेल तर सोबतची मंजूर मॉडेलांची यादी उघडा आणि स्वतःच्या विमानाचं मॉडेल बोट ठेवून शोधा. आमच्या ओळखीतल्या एकाने आधी दिवा मागवला, मग यादी वाचली. विमान २८ व्होल्टचं, दिवा १४चा. तो अजून कपाटात आहे, खोक्यासकट.

विमान व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीचं असेल तर परदेशी मान्यता डीजीसीएलाही ग्राह्य असावी लागते. फाइलला हे कागद लावा: एसटीसीची प्रत आणि मॉडेल यादी, एसटीसी वापरायला तिच्या धारकाची लेखी परवानगी, बसवण्याच्या सूचना, पुढच्या देखभालीच्या सूचना, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी असल्यास ती, वीजभाराचा आणि वजनाचा हिशेब, दिव्याचं मूळ रिलीज सर्टिफिकेट (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला). शेवटच्या कागदाची झेरॉक्स चालवून घेऊ नका. अर्ज मालक किंवा ऑपरेटरने आपल्या देखभाल व्यवस्थापन संस्थेमार्फत पुढे न्यावा, म्हणजे हेलपाटे वाचतात.

बसवल्यावर योग्य परवान्याचा इंजिनिअर सही करून विमान सेवेत सोडतो. लॉगबुकात नुसतं 'दिवा बदलला' लिहू नका; पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि मान्यतेचा क्रमांक येऊ द्या. सहीपूर्वी इंजिन चालू ठेवून दिवे एकेक लावा, रेडिओ ऐका, होकायंत्राची सुई हलते का बघा. चिकलठाणा विमानतळाच्या टॉवरचा आवाज दिवा लावल्यावर खरखरला, तर सही थांबवा.