झेनोचा पेच: अर्ध्याच्या अर्ध्याचा हिशेब

डब्याच्या तळाशी उरलेल्या कुंद्यातला (दुधाच्या मिठाईतला) अर्धा आपण घ्यायचा आणि अर्धा मागून येणाऱ्यासाठी ठेवायचा, ही बेळगावच्या घरांतली भिडस्त रीत काटेकोर पाळली, तर हिशेबाने तो कुंदा कधीच संपत नाही; प्रत्यक्षात चमच्याला चिकटलेला एक तपकिरी कण उरतो आणि कोणीतरी तो चाटून टाकतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, दक्षिण इटलीतील एलिया या ग्रीक वसाहतीत, तत्त्वज्ञ झेनोने हाच हिशेब गतीला लावला. सत्, म्हणजे जे खरोखर आहे ते, एक आणि अविकारी आहे, म्हणून बदल आणि गती हा भासच, या त्याच्या गुरूच्या, पार्मेनिडीझच्या, मताची थट्टा करणाऱ्यांना त्याने उलट विचारले: बेळगावहून खानापूरला निघालेल्याने आधी अर्धी वाट, मग उरलेल्याची अर्धी, अशी अनंत अंतरे तोडायची असतील, तर तो पोहोचणार कसा? (गावांची नावे अर्थातच आमची.)

झेनोचा मूळ ग्रंथ हरवला असून त्याचे युक्तिवाद मुख्यतः ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’मधून कळतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध असा: वेगवान वीर अकिलीस पुढे निघालेल्या कासवाच्या जागी पोहोचतो तोवर कासव थोडे पुढे सरकलेले असते, म्हणून तो त्याला कधीच गाठत नाही. ॲरिस्टॉटलकडे अकिलीस आहे, पण कासव नाही. ते नंतरच्या भाष्यकारांकडून आले. ॲरिस्टॉटलने सहाव्या भागात उत्तर दिले की अंतराप्रमाणे काळाचेही तितकेच तुकडे पडतात. आठव्या भागात मात्र, हे उत्तर प्रश्नकर्त्यापुरते ठीक असले तरी सत्याच्या दृष्टीने अपुरे आहे, असे तो स्वतःच कबूल करतो आणि रेषेतले अनंत बिंदू केवळ संभाव्य असतात, प्रत्यक्षात मोजलेले नसतात, असे म्हणतो. माझ्या मते या पेचाच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक जागा हीच.

बेरजेची बाजू सावकाश सुटली. एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, अशा न संपणाऱ्या श्रेणीची बेरीज एक तृतीयांश होते, याची चर्चा केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांच्या आर्यभटीयभाष्यात आहे. युरोपात सेंट व्हिन्सेंटच्या ग्रेगरी या गणितीने १६४७ मध्ये अकिलीस कासवाला कुठे गाठेल, ते अशाच श्रेणीने काढले. १८२१ मध्ये फ्रेंच गणिती कोशीने ‘सीमा’, म्हणजे बेरीज ज्या संख्येच्या हवी तितकी जवळ जात राहते ती संख्या, या कल्पनेवर कलनशास्त्राची मांडणी केली आणि जर्मन गणिती वायरश्ट्रासने तिला काटेकोर रूप दिले. (हा शब्द आम्हा सीमाभागातल्यांना गणिताच्या तासाआधीच पाठ असतो.)

तरीही १९५४ मध्ये जेम्स थॉमसन या तत्त्वज्ञाने एक दिवा पुढे केला: एक मिनिट लावा, अर्धा मिनिट विझवा, पाव मिनिट लावा, असे करत राहा. एकूण वेळ दोन मिनिटे, हे श्रेणी सांगते. दोन मिनिटे भरली तेव्हा तो लागलेला असेल की विझलेला, हे ती सांगत नाही.